फाटकाबाहेरचे बदली

१८९७ साल उजाडलं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांपुढे पूर्वी कधी न आलेली अडचण उभी होती. भोंगे वाजत होते, बॉयलर पेटत होते, पण माणसं येत नव्हती. आदल्या सप्टेंबरात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचं निदान केलं होतं. त्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती आगबोटीनं, रेल्वेनं, मिळेल त्या वाटेनं गावाकडे निघून गेली. मागे राहिलेल्या कामगारांसाठी गिरण्यांची आपसांत ओढाताण सुरू झाली. गिरण्यांची माणसं नाक्यांवर उभी राहून मजुरीची बोली लावू लागली. एरवी महिन्याचा पगार आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवणारे मालक संध्याकाळी रोखीनं, रोजच्या रोज पैसे मोजू लागले.

तेरा वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंड्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं होतं. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अशा साध्या मागण्या त्यात होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. पगार वेळेवर द्यायला मात्र मालकांना प्लेग यावा लागला. लोखंडे स्वतः प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच रोगानं गेले.

साथ ओसरली, माणसं परतली, आणि नाक्यावरची बोली बंद झाली. गिरणी कामगाराच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात काम माणसाला शोधत आलं ते एवढे काही महिनेच. बाकी सगळा काळ माणूसच काम शोधत गिरणीच्या फाटकावर उभा राहिला. या उभं राहण्याचा इतिहास आपण फारसा लिहिलेला नाही. संपांचा लिहिला, पुढाऱ्यांचा लिहिला, गोळीबारांचा लिहिला. रोज पहाटे येऊन, बोलावणं न आल्यानं परत जाणाऱ्या माणसाला गिरणगावात एक साधं नाव होतं: बदली. या लेखाचा विषय तोच आहे.

कावसजी दावरांच्या पहिल्या गिरणीत १८५६ मध्ये सूत निघालं. विसाव्या शतकाच्या विशीपर्यंत परळ, लालबाग, भायखळा, ताडदेव, वरळी या पट्ट्यात ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि दीड लाखाच्या जवळपास कामगार झाले होते. त्यांतला सर्वांत मोठा भरणा कोकणचा. १९२१च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून जास्त लोक मुंबईत होते. घाटावरून साताऱ्याकडचे आणि पुण्याकडचे आले, मागाहून उत्तर हिंदुस्थानातले आले. कोकणातला माणूस भाऊच्या धक्क्यावर उतरे तेव्हा त्याच्या हाती वळकटी असे आणि तोंडी गाववाल्याच्या चाळीचा पत्ता. हा गाववाला हीच त्याची पहिली कमाई. गाववाला त्याला आपल्या गाळ्यात अंग टाकायला जागा देई, खानावळीत नाव घाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्याबरोबर फाटकावर नेई.

ती पहाट नीट बघण्यासारखी आहे. उजाडायच्या आत पहिला भोंगा होई आणि कायम कामगार घाईघाईनं आत शिरत. बाहेर भिंतीला लागून ओळखीच्या-अनोळखी माणसांचे घोळके थांबलेले असत. प्रत्येक घोळका आपापल्या खात्याच्या मुकादमाची वाट बघणारा. आत मुकादम सगळ्या यंत्रांवरून नजर फिरवी आणि कुठे खाडा पडलाय ते मनात टिपून घेई. कुणाला ताप, कुणी लग्नाला गावी गेलेला, कुणी नुसताच न आलेला. रोज शंभरातले आठ-दहा जण तरी गैरहजर असत. मग तो फाटकापाशी येऊन घोळक्याकडे बघे. नाव घेई, नाही तर नुसती मान हलवी. ज्याच्याकडे बघून मान हलली तो आत गेला आणि त्याचा तो दिवस भरला. बाकीचे थोडा वेळ रेंगाळत आणि मग दुसऱ्या गिरणीच्या फाटकाकडे चालू लागत, तिथे भरती अजून उरकली नसेल या आशेवर. ऊन वर आलं की ती आशाही संपे.

आठवड्यात दोन दिवस बदली मिळाली तर एक माणूस मुंबईत कसाबसा जगे. तीन-चार दिवस मिळाली तर गावी चार पैसे जात. एखाद्या महिन्यात एकही दिवस मिळत नसे. तरी रोज यावंच लागे, कारण ज्या दिवशी तुम्ही नाही आलात त्या दिवशी मुकादमानं तुमचं नाव घेतलं, तर पुढच्या वेळी तो ते घेणार नाही. काम नसलं तरी कामावर हजर राहायचं, आणि त्या हजेरीचा पैसा मात्र मिळायचा नाही. मला हा सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

मुकादमाविषयी बोलताना गिरणगावातली म्हातारी माणसं आवाज थोडा खाली आणत. त्याला जॉबरही म्हणत. साहेबाला मराठी येत नसे आणि कामगाराला साहेबाची भाषा येत नसे. मधली सगळी जागा मुकादमाची होती. भरती त्याच्या हाती, काढून टाकणं त्याच्या हाती, चांगलं यंत्र कुणाला आणि रडकं कुणाला हेही त्याच्याच हाती. कामाला लावताना तो दस्तुरी म्हणून पैसे घेई आणि पुढे दर महिन्यालाही काही ना काही घेत राही. पैशाशिवायचे मार्गही होते. त्याच्या माणसाच्या खोलीत भाड्यानं राहायचं, त्याच्या ओळखीच्या दुकानात उधारीचं खातं ठेवायचं, त्याच्या भिशीत पैसे घालायचे, सणाला त्याच्या घरी काहीतरी पोचवायचं. वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत बायका होत्या. तिथे हा अधिकार नायकिणीचा. विशीच्या दशकात गिरणीतल्या दर पाच कामगारांत एक बाई होती आणि त्यांतल्या कितीतरी विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांच्यासाठी नायकिणीची मर्जी म्हणजे चूल पेटणं.

मुकादमाला सरसकट खलनायक ठरवणं सोपं आहे आणि त्या काळच्या सरकारी चौकश्यांनी बहुतेक तेच केलं. १९२९ मध्ये कामगारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशननं मुकादमाकडून भरतीचे अधिकार काढून घ्यावेत अशी शिफारस केली. पण मुकादमही दोन्हीकडून बांधलेला होता. सकाळी यंत्रं रिकामी राहिली तर साहेब त्याला जाब विचारी. म्हणून फाटकावर आपल्या भरवशाची माणसं असणं ही त्याची गरज होती. ती माणसं टिकवायची तर त्यांना अधूनमधून काम द्यावं लागे, अडीनडीला पैसे द्यावे लागत, गावच्या मंडळात आपलं वजन राखावं लागे. वाडीतल्या माणसाला डावलून परका घेतला तर त्याला चाळीत तोंड दाखवणं कठीण जाई. राजनारायण चंदावरकरांनी मुंबईच्या कामगारांचा जो बारकाईनं इतिहास लिहिला, त्यात मुकादमाची ही अडचण फार चांगली उलगडली आहे. मुकादमाची सत्ता खरी होती, पण ती त्याला गिरणीनं वापरायला दिलेली होती.

आणि गिरणीला ती का द्यायची होती, हा खरा प्रश्न. मुंबईचा सुताचा धंदा आधी चीनच्या बाजारावर उभा होता, नंतर देशातल्या कापडाच्या मागणीवर. कापसाचा भाव चढला, सुताचा पडला, मान्सून हुकला की हिशेब उलटा होई. मालक मग काही यंत्रं थांबवी, पाळी कमी करी, आणि भाव आले की रात्रपाळी सुरू करी. या चढउताराचा बोजा कुणीतरी उचलायला हवा होता. कायम कामगार जास्त ठेवले तर तो मालकावर पडला असता. फाटकावर माणसं उभी असली की तो आपोआप त्यांच्यावर पडे. जेवढी माणसं हवीत तेवढी आज आत घ्यायची आणि उरलेल्यांना उद्या या म्हणायचं. गिरणीमालकांच्या संघाची माणसं सरकारी चौकश्यांसमोर सांगत की मुंबईचा कामगार मुळात शेतकरी आहे, त्याचं चित्त गावाकडे असतं, तो टिकून काम करत नाही, म्हणून बदली ठेवावे लागतात. हे अर्धंच खरं आहे. ज्याला महिन्यात दहा दिवस काम मिळतं त्यानं गाव सोडायचं कशाच्या जोरावर? गावची चार गुंठे जमीन आणि तिथे मागे राहिलेली बायको ही त्याची विमापॉलिसी होती. बेकारीच्या दिवसांत त्याला खाऊ घालण्याचा खर्च कोकणातली शेतं आणि तिथल्या बायका करत होत्या. गिरणीच्या हिशेबवहीत तो खर्च कधी दिसला नाही.

मुंबईतलं थांबणंही फुकट नव्हतं. एका खोलीत दहा-पंधरा माणसं पाळीपाळीनं झोपत, दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागी रात्रपाळीवाला. खानावळवाली महिन्याचे पैसे मागे. वाण्याची उधारी चढे. मग पठाण किंवा मारवाडी सावकार. रुपयाला महिना एक आणा हा नेहमीचा व्याजाचा दर, म्हणजे वर्षाला शेकडा पंच्याहत्तर. बदलीला कर्ज मिळणंही कठीण, कारण त्याच्या पगाराचा भरवसा नाही. मिळालं तर कायम कामगार असलेल्या गाववाल्याच्या शब्दावर. म्हणून बदलीचं सगळं आयुष्य कुणाच्या तरी शब्दावर चाले. काम शब्दावर, खोली शब्दावर, कर्जही शब्दावर.

ज्यांना शब्द टाकणारं कुणी नव्हतं, त्यांचं काय? इथे विणकाम खात्याबद्दल थांबून सांगितलं पाहिजे. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवलेली असते. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचं. त्या काळी हे टोक तोंडानं ओढून काढत. धोटा ओठांना लावायचा, जोरानं श्वास आत ओढायचा, की सूत बाहेर येई. दिवसातून कितीतरी वेळा. एकाच मागावर एका पाळीत एक विणकर, दुसऱ्या पाळीत दुसरा, शिवाय बदली. म्हणजे एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. या कारणावरून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात येऊच दिलं नाही. विणकराची कमाई सूतकताईच्या खात्यांपेक्षा बरीच जास्त होती. ती वाट महार कामगारांना बंद. त्यांनी रिंग खात्यात किंवा झाडलोटीला राहायचं. विणकामाच्या फाटकावर त्यांना रांगेतच उभं राहता येत नसे, मग मुकादमानं मान हलवण्याचा प्रश्नच कुठे येतो?

एक लक्षात घ्या. श्वासाबरोबर कापसाची धूळ छातीत जाई, एकाचा क्षय दुसऱ्याला लागे. धोटा तोंडाला लावण्याची पद्धत सगळ्यांच्याच जिवावर उठणारी होती. ती बंद करा म्हणून विणकर एकत्र आले असते तर समजण्यासारखं होतं. ते एकत्र आले ते शेजारच्या कामगाराला बाहेर ठेवण्यासाठी.

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईचा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप सुरू झाला. त्याच्या मुळाशी नोकऱ्याच होत्या. दोन मागांऐवजी तीन माग चालवा, रिंग खात्यात एकाऐवजी दोन बाजू सांभाळा, अशी कार्यक्षमतेची योजना काही गिरण्यांनी आणली. हिशेब सरळ होता. एक माणूस जास्त यंत्रं सांभाळणार, तर दुसरा फाटकावर जाणार. ना. म. जोशी, डांगे, निंबकर, झाबवाला, अर्जुन आळवे अशी वेगवेगळ्या विचारांची माणसं एका संप समितीत बसली. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना सांगितलं की विणकाम खातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत घ्या, नाही तर माझ्या लोकांनी या संपात का यावं? पुढाऱ्यांनी ती काहीशा नाखुशीनं घेतली. मालकांनी हात झटकले, हा कामगारांचा आपसांतला मामला आहे म्हणाले. मला या प्रसंगात आंबेडकरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर वाटतं. सगळ्यांच्या नोकऱ्या वाचवायला निघालेल्या लढ्यानं आधी आपल्याच दारातली आडकाठी काढायला हवी होती.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, दुसरा मोठा संप झाला आणि तो मोडला. मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी डांगे-निंबकरांसारखे पुढारी पकडले गेले होते. पण मोडायचं तेवढंच कारण नव्हतं. आधीच्या सहा महिन्यांच्या संपानं घरंदारं रिकामी झाली होती आणि फाटकावर काम मागणारे होतेच. गिरण्यांनी नवी भरती केली आणि यंत्रं चालू केली. ज्या माणसाला वर्षानुवर्षं बाहेर उभं केलं, त्याला ऐन संपात दार उघडून आत बोलावलं, तर तो काय करणार? त्याला संपफोड्या म्हणणं सोपं आहे. मला ते कधी जमलेलं नाही.

त्यानंतर जागतिक मंदी आली. गिरण्या बंद पडू लागल्या, मजुरी कापली गेली, आणि परळच्या रस्त्यांवर बेकारांची गर्दी इतकी वाढली की १९३४ मध्ये सरकारला गिरण्यांतल्या वेतनाची आणि बेकारीची वेगळी चौकशी करावी लागली. बायकांना सगळ्यांत आधी कमी केलं गेलं. रीलिंगचं काम घटलं, १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला आणि मालकांना बाई महाग वाटू लागली. कायदा चांगला होता. त्याचा खर्च टाळायला मालकांनी बायकाच घ्यायचं कमी केलं.

१९३५ मध्ये मालकसंघानं बदली नियंत्रणाची पद्धत आणली. दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक माणसांना बदली कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं आणि खाडे त्यांच्यातूनच भरायचे. कागदावर ही मोठी सुधारणा होती. कुणाच्याही मर्जीचा प्रश्न नाही, कार्ड आहे तर हक्क आहे. व्यवहारात कार्ड कुणाला द्यायचं हे मुकादमाच्या सांगण्यावरूनच ठरत राहिलं. पूर्वी दस्तुरी नोकरीसाठी द्यावी लागे, आता ती कार्डासाठीही द्यावी लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सरकारनं मुंबईच्या गिरण्यांसाठी बदल्यांच्या नोंदणीची योजना काढली, भरती नोंदणी कचेरीतून व्हावी म्हणून. मुकादमाचा दरारा हळूहळू ओसरला. बदली मात्र राहिला. कायम होण्याच्या आशेवर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं बदलीत काढलेली माणसं गिरणगावात घरोघरी होती. मुलीचं लग्न ठरवताना पहिला प्रश्न असे, मुलगा परमनंट आहे की बदली?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदल्यांना कायम करा ही मागणीही होती. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या पुन्हा थोड्याफार चालू झाल्या तेव्हा लाखाहून जास्त माणसांना परत घेतलं गेलं नाही. त्यांत बदली पहिले. ज्याचं नाव आधीच कच्च्या यादीत होतं, त्याला काढून टाकण्यासाठी नोटिशीचीही गरज पडली नाही.

गिरण्यांच्या जमिनींवर पुढे टॉवर आणि मॉल उभे राहिले. कामगारांना घरं देण्याची योजना आली आणि १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा मागितला गेला. तिकीट नंबर, हजेरीचा पास, विम्याचं कार्ड, पगाराची चिठ्ठी. सुमारे दीड लाख अर्ज आले. आयुष्यभर ज्याला तू आमचा कायमचा माणूस नाहीस असं सांगितलं, त्यानं चाळीस वर्षांनी आपण तिथे होतो हे कागदावर सिद्ध करायचं होतं. कितीतरी जण त्या घराची वाट बघत गेले. आता त्यांच्या जागी त्यांच्या बायका आणि मुलं वाट बघताहेत.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांच्या तोंडून त्यांची हकीकत लिहून घेतली, म्हणून निदान तेवढी तरी उरली. तुमच्या घरात गिरणीत गेलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला आजच विचारा. कुणाच्या शब्दावर कामाला लागलात, फाटकावर किती दिवस उभे होतात, कार्डासाठी काय द्यावं लागलं, कायम कधी झालात. सांगतील ते तारीखवार लिहून ठेवा. आणि जुन्या ट्रंकेत मळकं बदली कार्ड सापडलं, तर ते रद्दीत घालू नका.